लाल दोऱ्याची बाटली

"मागच्या खोलीत वरच्या फळीवर लाल दोरा बांधलेली बाटली आहे बघ. तीच आण. तळकावेरीचं तीर्थ आहे त्यात. सगळं ओतलंस तरी परवागिल्ला!"

सिंधूबाई हे बोलल्या तेव्हा स्टुलावर उभ्या होत्या. एका हातात लाकडी राजा, दुसऱ्या हातात लाकडी राणी. त्यामुळे कुठली बाटली ते बोटाने दाखवायला हात मोकळा नव्हता, आणि पुढचं सगळं रामायण इथूनच सुरू झालं.

नवरात्राचा पहिला दिवस होता. म्हैसूरच्या घराघरांत या दिवशी पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या बसवतात, तशा सिंधूबाईही बसवत होत्या. त्यांचं घराणं पाच पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठीच बोलायचे, पण दर तिसरा शब्द कन्नड. त्यांची सून देवश्री मात्र थेट वाईची. तिच्या नवऱ्याची, निनादची, नोकरी बेंगळुरूला, म्हणून दोघं तिकडे राहायची. आता देवश्रीला सातवा महिना लागला होता. तिची आई दोन वर्षांपूर्वी वारली, माहेरी बाळंतपण करणारं कुणी नव्हतं, म्हणून ती इथे सासूकडेच आली होती. आल्यापासून गप्प गप्प असायची. विचारलं तर "काही नाही हो आई" म्हणायची.

त्या दिवशी मात्र स्वारी खुलली होती. बाहुल्यांच्या पायथ्याशी दरवर्षी एक बाग असते, त्या बागेत या वर्षी तळं करायचं काम सिंधूबाईंनी तिला दिलं होतं. पोरीने दोन दिवस खपून परातीत मातीचा घाट केला. बोटभर उंचीच्या पायऱ्या, छोटंसं देऊळ, धुणं धुणारी एक बाहुली. "हा आमच्या कृष्णेचा घाट," ती म्हणाली. आता फक्त पाणी हवं होतं.

ती मागच्या खोलीत गेली. लाल दोऱ्याची बाटली समोरच होती. तोंडावर मलमलचं फडकं घट्ट बांधलेलं.

"तीर्थालासुद्धा फडकं! किती स्वच्छता हो आई तुमच्याकडे!"

"हो मग! आमच्याकडे असंच," सिंधूबाई स्टुलावरून म्हणाल्या, आणि बाटली घाटावर रिकामी झाली.

आता सांगायलाच हवं की त्या फळीवर लाल दोऱ्याच्या बाटल्या दोन होत्या. एक सिंधूबाईंच्या तीर्थाची. दुसरी त्यांच्या यजमानांची, म्हणजे रणोजीरावांची. आणि रणोजीरावांच्या बाटलीत होत्या डासांच्या अळ्या. जिवंत.

घाबरू नका, माणूस वेडा नव्हता. रणोजीराव चौतीस वर्षं सरकारी आरोग्य निरीक्षक होते. शेवटची काही वर्षं सरगूरला होते, तेव्हा माणसांच्या हिवतापापासून ते गुरांच्या तोंडखुरीपर्यंत कुठलीही साथ आली की हा गृहस्थ सायकलवर हजर. निवृत्त झाले, पण थांबले नाहीत. बन्नीमंटपाजवळच्या आपल्या वसाहतीत त्यांनी 'कोरडा रविवार' सुरू केला. दर रविवारी घरातलं, अंगणातलं साठलेलं सगळं पाणी ओतून भांडी कोरडी करायची, म्हणजे डेंग्यूचा डास जन्मालाच येत नाही. मग रणोजीराव टॉर्च आणि एक लांब दांड्याची डावली घेऊन घरोघर तपासणी करत. जिथे अळी सापडेल त्या फाटकावर लाल कागद: 'इथे डासांच्या अळ्या सापडल्या.' तो पुढच्या रविवारच्या तपासणीपर्यंत काढायचा नाही. आमदार येवोत नाहीतर पाहुणे येवोत.

लोकांना अळी कशी दिसते ते कळावं म्हणून ते एका बाटलीत थोड्या पाळत, चार दिवसांनी त्या फेकून नव्या आणत, आणि डास बाहेर पडू नये म्हणून वर मलमल बांधत. या खेपेला मलमल बांधायला दोरा सापडेना, तर त्यांनी देव्हाऱ्यातला लाल दोरा घेतला. एवढीच काय ती चूक. आणि त्या दिवशी बाटलीतल्या अळ्या नुकत्याच अंड्यातून निघालेल्या, सुईच्या टोकाएवढ्या. देवश्रीला काय दिसणार कपाळ!

तिसऱ्या दिवशी देवळाच्या सभागृहात ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक होती. रणोजीरावांनी फळीवरची लाल दोऱ्याची बाटली उचलली. आता एकच उरली होती.

"बंधूंनो, नीट बघा," बाटली उजेडात धरून ते कन्नडमध्ये म्हणाले. (आपण ते मराठीतच ऐकू.) "हे जे वळवळताना दिसतंय, तोच आपला शत्रू."

सगळे पुढे वाकले. शेजारचे नरसिंहमूर्ती तर चष्मा कपाळावर चढवून वाकले. मागच्या महिन्यात परसातल्या एका करवंटीत दोन चमचे पाणी सापडलं म्हणून रणोजीरावांनी त्यांच्या फाटकावर लाल कागद लावला होता, आणि नेमके त्याच आठवड्यात त्यांचे व्याही आले होते.

"एनू इल्ला, राव," मूर्ती म्हणाले. "काही नाही यात."

"नीट बघा हो. वळवळतंय."

"तुमचा हात हलतोय, म्हणून पाणी हलतंय."

रणोजीरावांनी स्वतः बाटली डोळ्यांशी नेली. अळ्या नव्हत्या. तळाशी तुळशीचं एक पान होतं. त्यांनी झाकण उघडलं तसा कापराचा मंद वास सभागृहात पसरला. नरसिंहमूर्तींनी अगदी गंभीर चेहऱ्याने उजवा तळवा पुढे केला.

"अळ्या नसल्या तर राहू दे. तीर्थ तरी द्या."

मग सगळ्यांनीच तळवे पुढे केले. रणोजीरावांनी तीर्थ वाटलं, दुसरं काय करणार! पण वाटता वाटता डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. तीर्थ इथे आहे, तर अळ्या कुठे आहेत?

घरी येऊन त्यांनी चपलाही न काढता घाटावर टॉर्च मारला. कृष्णामाईच्या पाण्यात अळ्या मजेत पोहत होत्या. तीन दिवसांत चांगल्या बाळसेदार झाल्या होत्या. त्यांनी बोटांवर हिशेब केला. आणखी चार-पाच दिवसांत कोष, मग पंख. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. आणि घाटापासून दोन हातांवरच्या दिवाणावर त्यांची सून दिवसभर बसलेली, सात महिन्यांची गरोदर. आयुष्यभर रणोजीरावांनी दुसऱ्यांच्या घरातल्या अळ्या पाहिल्या होत्या. त्या कधी इतक्या मोठ्या दिसल्या नव्हत्या.

ओतून टाकायचं ठरवून त्यांनी परातीला हात घातला, तेवढ्यात देवश्री आली.

"बाबा, आवडला का घाट? ही धुणं धुणारी आहे ना, ती आई. उन्हाळ्यात आम्ही दोघी गोधड्या धुवायला जायचो. मी नुसतीच पाण्यात पाय सोडून बसायची आणि ती ओरडायची." ती हसली. घरात आल्यापासून एवढं ती पहिल्यांदाच बोलत होती. "कृष्णेच्या घाटाला कावेरीचं पाणी. आईला फार आवडलं असतं."

रणोजीरावांनी परात सोडून दिली. सुनेशी काय बोलावं हे त्यांना कधीच समजलं नव्हतं. "पाणी उकळून पी" आणि "चहा कमी कर, पोटातल्या बाळाला चांगला नाही" याच्यापुढे त्यांची गाडी जात नसे. आता ते नुसतं म्हणाले, "छान आहे. पाणी… उकळून पितेस ना?"

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी बायकोला आडून आडून विचारलं, "अगं, त्या तळ्यातलं पाणी बदललं तर?"

"बेडवे बेडा! मुळीच नाही!" सिंधूबाईंनी कालथा उगारला. "एकदा मांडलेलं दहाव्या दिवसापर्यंत हलवायचं नाही. माझ्या आजीपासून कधी हललेलं नाही. आणि ती पोर आत्ता कुठे हसायला लागलीय. तुम्ही सुम्ने बसा!"

झालं. औषधाची पूड टाकायची तर गर्भारशीच्या खोलीत त्यांना धीर होईना. घासलेट टाकावं तर त्या वासाने तिला उलट्या होणार. राहता राहिला एकच उपाय, एकेक अळी हाताने पकडणं. तोपर्यंत त्यांनी देवश्रीला "मागच्या खोलीत हवा चांगली आहे" असं सांगून दिवाणावरून हलवलं आणि पलंगाला भरदिवसा मच्छरदाणी लावली. "म्हैसूरची पद्धत," ते म्हणाले. बिचारीला ती पद्धतही खरी वाटली असावी.

चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला रणोजीराव टॉर्च आणि चहाची गाळणी घेऊन घाटाशी उकिडवे बसले. अळीची जात मोठी बेरकी. सावली पडली की बुडी मारते. गाळणी खाली नेली की वर येते. तासाभरात तेरा मिळाल्या, दुप्पट तरी निसटल्या. इतक्यात बेडरूमचं दार वाजलं. गाळणी पायजम्याच्या खिशात गेली.

"एनु, इतक्या पहाटे काय करताय?" सिंधूबाईंनी विचारलं.

"आसन. उकिडवं आसन. डॉक्टरांनी सांगितलंय."

"आणि गाळणी कुठे गेली माझी? चहा टाकायचाय."

"आणतो, आणतो. तू आधी दात घास."

त्या न्हाणीघरात गेल्या तशी रणोजीरावांनी गाळणी एका भांड्यात टाकून चांगली वीस मिनिटं खळखळा उकळली. आरोग्य निरीक्षक होते शेवटी. चहा झाला. सिंधूबाईंनी देवश्रीला कप दिला, तर ती म्हणाली, "नको आई. आजपासून चहा सोडला मी. बाबा म्हणतात ते बरोबर आहे."

रणोजीरावांचा ऊर भरून आला. "बघ!" ते बायकोला म्हणाले. "चाळीस वर्षांत तू माझं एक ऐकलं नाहीस. ही पोर ऐकते."

गाळणीने काम भागणार नाही हे मात्र त्यांना कळून चुकलं होतं. दहा वाजता ते आरोग्य खात्याच्या ओळखीच्या कचेरीत गेले. तिथे हौदात गप्पी मासे ठेवलेले असतात, विहिरींत आणि टाक्यांत सोडायला. गप्पी मासा अळ्यांवर तुटून पडतो. रणोजीराव जेवणाच्या डब्यातून आठ मासे घेऊन आले आणि दुपारी सगळे पडलेले असताना त्यांनी ते हळूच घाटावर सोडले. संध्याकाळपर्यंत पाण्यात औषधालाही अळी उरली नाही. त्यांनी मच्छरदाणी काढली आणि पहिल्यांदा पोटभर जेवले. तरी रोज पहाटे साडेपाचला ते उठतच राहिले. एक चुकार अळी राहिली असेल तर? टॉर्च मारायचा, पाणी बघायचं, मासे मोजायचे, मग दिवाणाखाली, पडद्यामागे डास शोधायचे. हातात रॅकेट.

पण मासे कुणाला दिसायचे राहतात होय? त्याच संध्याकाळी बाहुल्या बघायला गल्लीतली मुलं आली.

"आंटी! मीनु! तळ्यात खरे मासे!"

सिंधूबाईंना वाटलं, सुनेने आणले. देवश्रीला विचारलं तर ती सासऱ्यांकडे एकदा बघून म्हणाली, "मला वाटलं तुम्हीच आणलेत, आई." सिंधूबाईंनी हात जोडले. कावेरीमाईची कृपा म्हणायला त्या तयारच होत्या.

आणि मग गर्दी लोटली. दुसऱ्या दिवशी पन्नास माणसं, तिसऱ्या दिवशी दोनशे. जिवंत मासे असलेल्या बाहुल्या अख्ख्या म्हैसुरात दुसरीकडे नव्हत्या. प्रसादाची हरभऱ्याची उसळ रोज संपायची, सिंधूबाई परत कुकर लावायच्या. देवश्री घाटाशी बसून सगळ्यांना सांगायची, "हा वाईचा घाट. ही माझी आई." मोडक्या कन्नडमध्ये सांगायची आणि मुलं तिच्या चुका सुधारायची. तिचा चेहरा उजळला होता. रणोजीराव दाराशी साबणाचं पाणी घेऊन उभे राहत, आणि शिंकणाऱ्या माणसाला, मग तो कुणीही असो, खिडकीतूनच बाहुल्या दाखवत.

नवव्या दिवशी आयुधपूजा. म्हैसूरकर त्या दिवशी आपापली हत्यारं पूजतात. कुणी गाडी, कुणी शिलाईचं यंत्र. रणोजीरावांनी टॉर्च, डावली आणि लाल कागदांचा गठ्ठा पाटावर मांडून कुंकू लावलं. देवश्रीने स्वयंपाकघरातून येऊन त्यांच्या शेजारी चहाची गाळणी ठेवली.

"ही कशाला गं?" रणोजीराव दचकले.

"असू दे बाबा. तेही हत्यारच की." तिने गाळणीला फूल वाहिलं.

संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं असताना नरसिंहमूर्ती आणि त्यांच्या पत्नी तुंगाबाई आले. मूर्तींनी हातावर उसळ घेतली आणि घाटाशी वाकून मासे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग ताठ झाले.

"राव, मागच्या वर्षी माझ्या टाकीत तुम्ही मासे सोडलेत, ते हेच ना? शेपटीला ठिपका असलेले?"

"असतील."

"कशासाठी सोडलेत तेव्हा?" मूर्तींचा आवाज चढला. "'मूर्ती, जिथे अळी तिथे मासा,' असं म्हणालात. अख्ख्या गल्लीसमोर म्हणालात. मग इथे मासा का आहे?"

सिंधूबाईंच्या हातातला उसळीचा डाव तसाच राहिला. "अय्यो देवरे! माझ्या घरात अळ्या? बाहुल्यांत?"

रणोजीरावांना नाही म्हणता आलं असतं. शोभेचे आहेत म्हणता आलं असतं. पण चौतीस वर्षांत अळी लपवणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी फाडून खाल्लं होतं.

"होत्या," ते म्हणाले. "अळ्या होत्या. माझ्याच बाटलीतल्या."

देवश्रीचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे ती लाल दोऱ्याची बाटली? बाबा, ती तर मी…"

"मी ओतली!" रणोजीराव एवढ्या जोरात ओरडले की एक लहान मूल रडायला लागलं. "बाटल्यांची अदलाबदल झाली आणि मी ओतली. दुसऱ्या कुणाचा काही संबंध नाही. आयतु? कळलं?"

सिंधूबाईंना ती बाटली कुणी ओतली हे चांगलं माहीत होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस खोटं बोलताना त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "हो, ह्यांनीच ओतली," त्या म्हणाल्या. "मी बघितलं ना स्टुलावरून."

रणोजीराव पाटाकडे गेले आणि त्यांनी लाल कागद उचलला.

"अहो, पूजेतलं आज उचलायचं नसतं!"

"आज उचलायलाच पाहिजे."

कुंकू लागलेला तो कागद त्यांनी स्वतःच्या फाटकावर लावला. मूर्ती मागे उभे होते. इतके दिवस ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला, पण त्यांना हवा तसा आनंद काही होईना. त्यांनी कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्याने नीट दाबला.

"राव, फिटंफाट. आता दोन मासे द्या. आमच्या टाकीतले म्हातारे झाले."

मग तुंगाबाईंनी दोन मागितले, मग सगळ्या मुलांनी मागितले. कचेरीतून आणखी मासे आणले आणि चार दिवसांत वसाहतीतल्या एकोणतीस घरांच्या टाक्यांत आणि हौदांत गप्पी मासे पोहोचले. दोन वर्षं ओरडून जे झालं नव्हतं ते झालं.

पण ते नंतर. दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी बन्नीमंटपाच्या मैदानाकडे मशालींचा सोहळा बघायला माणसांची रीघ लागली होती. हे तिघं घरीच होते. सिंधूबाई स्वयंपाकघरात चहा करत होत्या. देवश्री घाटाशी बसली होती. धुणं धुणारी बाहुली तिने पुसून हातात घेतली होती.

"बाबा, मला माहीत होतं."

"काय?"

"सगळं. चौथ्या दिवशी पहाटे मी पाणी प्यायला उठले होते. तुम्ही इथे बसून पाण्यातून काहीतरी पकडत होतात. मी दारातूनच मागे फिरले. मग ते मासे आले. त्यानंतर रोज पहाटे तुम्ही रॅकेट घेऊन फिरायचात, मी पडल्या पडल्या ऐकायची." तिने हातातली बाहुली खाली ठेवली. "मी ओतली ती बाटली अळ्यांची होती हे मात्र काल कळलं. आई गेल्यापासून माझ्यासाठी इतक्या पहाटे कुणी उठलं नव्हतं हो. म्हणून बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही थांबला असतात."

रणोजीरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला. "पाणी…" ते म्हणाले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, माझं ऐकून तू चहा सोडलास, तेवढंच मला पुष्कळ आहे बघ."

देवश्रीला डोळे पुसता पुसता हसू फुटलं.

"तुमचं ऐकून नाही हो बाबा! ती गाळणी बघून सोडला."

"अगं, वीस मिनिटं उकळली होती!"

"तरी पण!"

दारात कप वाजले. सिंधूबाई ट्रे घेऊन उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक. त्यांनी ट्रेकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"कुठली गाळणी?"

देवश्रीने बाहुली पुन्हा पुसायला घेतली.

"मी सात दिवस ज्या गाळणीचा चहा प्यायले, ती?"

त्यांनी शांतपणे ट्रे खाली ठेवला. पाटावरच्या गठ्ठ्यातला एक लाल कागद काढला, मागचं आवरण सोललं आणि तो रणोजीरावांच्या सदऱ्यावर, बरोबर छातीच्या मध्यावर, तळव्याने दाबून चिकटवला.

"आता नवी गाळणी आणल्याशिवाय घरात यायचं नाही."

रणोजीरावांनी चपला घातल्या आणि ते बन्नीमंटपाच्या गर्दीत शिरले. येणारीजाणारी माणसं त्यांच्या छातीवरची पाटी वाचून थबकत होती. 'इथे डासांच्या अळ्या सापडल्या.' भांड्यांच्या दुकानात त्यांनी गाळण्या घेतल्या, दोन. दुकानदाराने त्यांच्या सदऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "सार, तो कागद काढू का?"

"छे छे," रणोजीराव म्हणाले. "रविवारची तपासणी होईपर्यंत काढता येत नाही."